‘गोळी चालू आहे’ म्हणजे रक्तदाब आटोक्यात आहे, असे नव्हे!

गणेशोत्सवाच्या नियोजनाची बैठक चालू होती. वर्गणी, मिरवणुकीचा मार्ग, व्याख्यानमालेचे वक्ते असे नेहमीचेच विषय होते. माझा एक बालमित्र नेहमीप्रमाणे इतिवृत्त लिहीत बसला होता. लिहिता लिहिता त्याच्या हातातील लेखणी गळून पडली. काय झाले म्हणून विचारले, तर शब्द जिभेवर अडखळू लागले. उदगीरहून लातूरला नेईपर्यंत उजवी बाजू लुळी पडली होती. रुग्णालयात रक्तदाब मोजला, तो २१०/१२० निघाला.

डॉक्टरांनी त्याच्या पत्नीला विचारले, “यांना रक्तदाबाचा त्रास होता का?” त्या माउलीने डोळे पुसत दिलेले उत्तर माझ्या कानात अजून घुमते आहे. “होता ना, पण गोळी चालू आहे. एक दिवस चुकवत नाहीत हो!”

ते खरेच होते. आठ वर्षे त्याने एकही दिवस गोळी चुकवली नव्हती. मात्र त्या आठ वर्षांतील शेवटची तीन वर्षे त्याने एकदाही रक्तदाब मोजला नव्हता आणि याच काळात त्याचे वजन १४ किलोंनी वाढले होते. औषधाची मात्रा जुन्या देहासाठी ठरलेली होती. देह मात्र बदलून गेला होता. मित्राचे प्राण वाचले, हे आपले भाग्य. पण चौकातील फलकावर तीस वर्षे रोज सुवाच्य अक्षरात सुविचार लिहिणारा त्याचा उजवा हात आज खडू धरू शकत नाही.

त्याच्या घरून परतलो आणि आरशासमोर उभा राहिलो. वय ५६, बैठी नोकरी, रात्री उशिरापर्यंत जागरण, आणि ‘गोळी चालू आहे’ हे समाधान माझ्याही खिशात होतेच! दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. रक्तदाब १५८/९६ होता. मला वाटले, आता दुसरी गोळी लिहून देतील. त्यांनी लेखणी उचलण्यापूर्वी टेबलाच्या खणातून शिंप्याकडे असते तशी मोजपट्टी काढली आणि माझी कंबर मोजली. ती ४१ इंच भरली. “तुमच्या रक्तदाबाचे मूळ इथे आहे. गोळी वाढवू, पण मूळ तसेच ठेवून फांद्या किती दिवस छाटायच्या?” असे ते म्हणाले.

मी कलाशाखेचा पदवीधर. वैद्यक हे माझे क्षेत्र नव्हे. परंतु पत्रकाराला प्रश्न विचारण्याची आणि वाचण्याची सवय असते. गेल्या वर्षभरात जे वाचले, विचारले आणि स्वतःच्या देहावर अनुभवले, ते आपल्यापुढे ठेवतो आहे.

मूळ एक, फांद्या अनेक

आपल्या घरांत रोगांची वाटणी झालेली असते. वडिलांना ‘बीपी’, आईला ‘शुगर’, काकांना ‘कोलेस्टेरॉल’, आणि धाकट्याचे जरा सुटलेले पोट. पोटाला तर कोणी रोगही मानत नाही. ते खात्यापित्या घराचे लक्षण! प्रत्यक्षात ही वाटणी फसवी आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे डॉ. जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ साली एका व्याख्यानात मांडले की, वाढलेला रक्तदाब, वाढलेली साखर आणि रक्तातील बिघडलेले मेद हे एकाच माणसात वारंवार एकत्र आढळतात आणि त्यांच्या मुळाशी शरीराने इन्शुलिनला दाद न देणे हे समान कारण असते. पुढील संशोधनाने त्यात पोटाच्या घेराची भर घातली. चयापचयाचा बिघाड म्हणतात तो हाच.

पोटातील चरबीचा रक्तदाबाशी संबंध कसा लागतो? आपल्याकडील शेतकऱ्याला समजेल असे उदाहरण घेऊ. विहिरीवर मोटार आहे, तिला जलवाहिनी जोडलेली आहे. वाहिनीतील दाब तीन कारणांनी वाढतो. पाणी अधिक झाले, मोटार अधिक जोराने चालली किंवा वाहिनी अरुंद झाली. पोटातील चरबी ही तिन्ही कामे एकाच वेळी करते. इन्शुलिनला दाद मिळेनाशी झाली की शरीर अधिकाधिक इन्शुलिन निर्माण करते. वाढलेल्या इन्शुलिनमुळे मूत्रपिंडे मीठ बाहेर टाकण्याऐवजी धरून ठेवतात आणि मिठाबरोबर पाणीही राहते. मज्जासंस्थेचा जो भाग संकटकाळी हृदयाला धावायला लावतो, तो स्थूल माणसात अहोरात्र चेतलेला असतो. आणि चरबीच्या पेशी स्वतःच असे द्रव्य स्रवतात की, ज्यापासून रक्तवाहिन्या आकुंचित करणारे रसायन तयार होते. चरबी म्हणजे नुसते कोठार, ही आपली समजूत चुकीची आहे. ती दिवसरात्र चालणारा कारखाना आहे!

यात झोपेची भर पडते. स्थूल माणसाच्या गळ्याभोवती साठलेल्या चरबीने झोपेत श्वासमार्ग दबतो, श्वास क्षणभर थांबतो, माणूस दचकून पुन्हा घोरू लागतो. असे रात्रीतून अनेकदा घडते आणि प्रत्येक वेळी रक्तदाब उसळी घेतो. घोरणे हा घरात विनोदाचा विषय होतो. तीन-तीन गोळ्या घेऊनही ज्यांचा रक्तदाब खाली येत नाही, त्यांच्यापैकी अनेकांचे उत्तर या घोरण्यात दडलेले असते.

आता गोळी काय करते ते पाहा. एक गोळी वाहिनी सैल करते, दुसरी पाणी कमी करते, तिसरी मोटार मंद करते. गोळी आपले काम चोख बजावते. पण कारखाना दरवर्षी मोठा होत असेल, तर कालची मात्रा आज पुरेल कशी?

बारीक माणसानेही निश्चिंत राहू नये

येथे एखादा सडपातळ वाचक म्हणेल, हा लेख माझ्यासाठी नाही. त्याने क्षणभर थांबावे. हे कोडे उलगडण्याचे मोठे काम आपल्या महाराष्ट्रातच झाले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील माता आणि त्यांची बालके यांचा अभ्यास चालवला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. आपले बाळ स्नायूंनी कमी, पोटाच्या घेराने कमी, अवयवांनी लहान. पण त्वचेखालील चरबी मात्र त्या मानाने टिकून राहिलेली. म्हणजे दिसायला कृश, आतून मेदयुक्त!

डॉ. याज्ञिकांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या विख्यात नियतकालिकात आपले आणि आपले ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. उंचीच्या तुलनेत वजनाचा निर्देशांक, ज्याला ‘बीएमआय’ म्हणतात, तो दोघांचाही २२.३ होता. पण शरीरातील चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के भरली. काटा दोघांनाही सारखेच निरोगी ठरवतो आणि देहाची रचना वेगळेच सांगते. एका छायाचित्राने केवढा मोठा धडा दिला!

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचे आकडे याला दुजोरा देतात. वीस वर्षांवरील सुमारे १ लाख १३ हजार लोकांच्या या पाहणीत वजनाच्या निर्देशांकानुसार स्थूल २८.६ टक्के होते. पोटाच्या घेरानुसार स्थूल मात्र ३९.५ टक्के निघाले. उच्च रक्तदाब ३५.५ टक्क्यांना होता. म्हणून भारतीयांसाठी कंबरेची मर्यादा पाश्चात्त्यांपेक्षा कमी ठेवलेली आहे. पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे साडेपस्तीस इंच. स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे साडेएकतीस इंच. पँटचा नंबर हा कंबरेचा नंबर नव्हे. पँट पोटाखाली बांधली जाते! टेप बेंबीच्या रेषेत धरावा आणि पोट आत न ओढता मोजावे.

आपल्या पूर्वजांचे या प्रश्नाकडे लक्ष नव्हते असे नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात निंदित मानलेल्या आठ प्रकारच्या शरीरांचा विचार आहे. त्यात अतिस्थूल आणि अतिकृश या दोहोंची तुलना करून स्थूलाची चिकित्सा अधिक अवघड सांगितली आहे. रक्तदाब मोजण्याचे साधन त्या काळी नव्हते. पण मेद वाढला की अनेक व्याधी त्याच्या मागोमाग येतात, हे निरीक्षण त्यांनी अचूक टिपले होते. आपण त्या ग्रंथाचा अभिमान बाळगतो. त्यातील उपदेश मात्र कपाटात ठेवतो.

लातूरने काय शिकवले?

आपल्या लातूर जिल्ह्याला या विषयात एक वेगळे स्थान आहे. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन केलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी नागपूरचे दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांतून प्रेरणा घेऊन दिवसातून दोनच वेळा जेवण आणि रोज पाऊण तास भरभर चालणे, हा सोपा कार्यक्रम गावोगाव सांगितला. २०१८ साली राज्य शासनाच्या स्थूलताविरोधी मोहिमेचा चेहरा म्हणून त्यांची निवड झाली. त्या काळात उदगीरच्या रस्त्यांवर पहाटे जी वर्दळ दिसू लागली, ती पूर्वी कधी पाहिली नव्हती. शुल्क नाही, यंत्र नाही, परदेशी पावडर नाही. मध्यमवर्गीय माणसाला पोटाचा घेर हा चर्चेचा विषय वाटू लागला, हे या चळवळीचे मोठे यश.

आहारतज्ज्ञांमध्ये मतभेद आहेत. कोणी दोनदा खा म्हणतो, कोणी थोडे थोडे अनेकदा खा म्हणतो. या वादात पडण्याचा मला अधिकार नाही. मला चिंता वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. चार किलो वजन उतरले की काही उत्साही मंडळी डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करून टाकतात. ‘मुळावर उपचार झाला, आता फांदीला औषध कशाला?’ असा त्यांचा युक्तिवाद असतो. हा युक्तिवाद प्राणघातक ठरू शकतो.

हिशेब समजून घ्या. नेदरलँड्समधील संशोधकांनी २५ चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून २००३ साली दाखवले की, वजन एक किलोने घटले तर वरचा आणि खालचा रक्तदाब सरासरी सुमारे एकेका अंकाने उतरतो. म्हणजे आठ किलो घटले तर सुमारे आठ अंक. एका सौम्य गोळीइतके हे काम आहे आणि ते मोलाचे आहे. पण ज्याचा रक्तदाब १८० आहे, तो आठ किलो घटवूनही १७० च्या वरच राहील. त्याने गोळी सोडली, तर तो माझ्या मित्राच्या मार्गानेच जाईल. उलट बाजूही तितकीच खरी. वजन उतरत असताना जुनीच मात्रा चालू राहिली, तर रक्तदाब फार खाली जाऊन चक्कर येऊ शकते. मधुमेहाची औषधे घेणाऱ्याने अचानक उपास धरले, तर साखर धोकादायक पातळीवर उतरते. म्हणून गोळी वाढवणे, घटवणे आणि थांबवणे ही तिन्ही कामे डॉक्टरांचीच आहेत. कंबर उतरवणे हे काम मात्र डॉक्टर आपल्यासाठी करू शकत नाहीत.

वजन उतरवणारी नवी इंजेक्शने २०२५ मध्ये भारताच्या बाजारात आली. ज्यांना डॉक्टर सांगतील त्यांनी ती जरूर घ्यावीत. पण ज्या घराची दिनचर्या बदललेली नाही, त्या घराला सुई किती काळ तारणार?

ताटात काय बदलले?

दिनचर्येचा विषय निघाला की आपण व्यक्तीला दोष देऊन मोकळे होतो. ‘त्याचा जिभेवर ताबा नाही’ असे म्हणणे सोपे असते. पण एका पिढीत सगळ्यांचाच जिभेवरचा ताबा सुटला काय? आमच्या लहानपणी या भागात शिवारभर ज्वारी असे. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी, करडईचे मोजके तेल, हे रोजचे जेवण. आज लातूर जिल्ह्याच्या शिवारात खरिपाला सोयाबीन दिसते. शेतकऱ्याने नगदी पीक घेतले, यात त्याचा दोष नाही. पण शिवारातून ज्वारी हटली तशी ताटातूनही हटली. तिची जागा मैद्याने, साखरेने आणि तळणाने घेतली. तेलाची बरणी होती, तिचा पंधरा लिटरचा डबा झाला. पंतप्रधानांनी फेब्रुवारी २०२५ च्या ‘मन की बात’मध्ये तेलाचा वापर दहा टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले. ते अमलात आणायला कोणत्याही योजनेची वाट पाहावी लागत नाही; स्वयंपाकघरात महिन्याचे तेल मोजून आणले की झाले.

मुलांचे काय? ‘लातूर पॅटर्न’चा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावाही. पण पहाटे शिकवणी, दुपारी महाविद्यालय, रात्री अभ्यासिका आणि मधल्या वेळी वडापाव, या चक्रात दोन वर्षे काढणाऱ्या मुलाचे मैदान कुठे गेले? उद्याचा डॉक्टर होण्यासाठी घासणारा मुलगाच उद्याचा रुग्ण होणार असेल, तर हा व्यवहार तोट्याचा आहे.

घरातील माउलीबद्दल तर कोणी बोलतच नाही. सर्वांचे जेवण झाल्यावर उरलेली पोळी, उरलेला भात ‘अन्न वाया जाऊ नये’ म्हणून तिच्या पोटात जातो. उपासाच्या दिवशी साबुदाणा, शेंगदाणे आणि बटाटा यांचा मारा होतो. व्रताचा हेतू इंद्रियांना आवर घालणे हा. आपण मात्र उपासाला रोजच्यापेक्षा अधिक खातो!

आग्रहाचे ताट

एक गोष्ट आपल्या कार्यकर्त्यांसाठी स्पष्टपणे लिहितो. प्रवासात घरोघरी भोजन करणे ही आपली सुंदर परंपरा आहे. त्या पंगतीतून माणसे जोडली गेली. पण प्रत्येक घरी ‘आमच्याकडे एवढेच?’ असा आग्रह होतो, बैठक रात्री दहाला संपते, अकराला ताट वाढले जाते, आणि पहाटेची गाडी गाठायची असते. तरुणपणी शाखेवर नमस्कार घालणारा स्वयंसेवक दायित्व वाढले की मैदानावरून खुर्चीवर येतो. पंचविशीतील भूक तशीच राहते, पंचविशीतील घाम मात्र जातो. हे वर्तुळ तोडायचे तर यजमानाने आग्रह कमी करावा, पाहुण्याने नम्रपणे नकार द्यावा आणि बैठक वेळेत संपवावी. प्रेम वाढायचेच असेल, तर काकडीच्या कोशिंबिरीतूनही वाढता येते.

मोजावे, लिहावे, विचारावे

मग करायचे काय? उत्तर फार मोठे नाही. केंद्र व राज्य शासनांच्या सहभागाने नोव्हेंबर २०१७ मध्ये भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला. आपल्या राज्यातील सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे त्यात आरंभीच होते. त्या उपक्रमाचे सूत्र साधे आहे. ठरलेली मोजकी औषधे, प्रत्येक रुग्णाची नोंद, ठरलेल्या दिवशी पुन्हा मोजणी आणि न आलेल्याचा पाठपुरावा. नोंद आणि पाठपुरावा, हे तर आपल्या संघटनशास्त्राचेच शब्द आहेत! जे आपण संपर्काच्या यादीसाठी करतो, ते स्वतःच्या देहासाठी का करू नये?

भिंतीवरील दिनदर्शिकेत महिन्यातून एकदा दोन आकडे लिहावेत. एक रक्तदाबाचा, दुसरा कंबरेचा. रक्तदाब मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे. अर्धा तास आधी चहा वा तंबाखू नको. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागावा. लहान पट्टा आकडा खोटाच वाढवून दाखवतो. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे सर्व पदार्थ मिळून चहाच्या एका चमच्याहूनही कमी. लोणचे, पापड, फरसाण यांचा हिशेब केला की आपण कुठे आहोत, हे लगेच कळते. आठवड्यातील पाच दिवस अर्धा तास भरभर चालावे. रात्रीचे जेवण लवकर घ्यावे. आणि दोन आकड्यांपैकी एक जरी वर गेला, तरी डॉक्टरांना विचारावे.

मी वर्षभर हेच केले. कंबर ४१ वरून ३७ इंचांवर आली. अजून दीड इंच बाकी आहे. रक्तदाब १२८/८२ असतो. दोन गोळ्यांची एक झाली. ती डॉक्टरांनी केली, मी नव्हे. उरलेली एक कदाचित आयुष्यभर राहील आणि त्याची मला लाज वाटत नाही.

मार्गशीर्ष अमावास्येला, आपल्या येळवशीला, सारे उदगीर शिवारात जाते. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, आणि बांधाबांधाने चालणे. यंदा मित्राला आम्ही गाडीतून शेतावर नेले. कोपीपर्यंतचा रस्ता तो काठीच्या आधाराने चालला. डाव्या हाताने आंबिलाचा द्रोण धरून हळू हळू, अडखळत तो म्हणाला, “मोजायला हवे होते रे.”

आपल्या घरातही कुणाची तरी ‘गोळी चालू आहे’. हा अंक खाली ठेवल्यावर त्यांना एकच प्रश्न विचारा. शेवटचे कधी मोजले होते?